ब्राउझरचं अपडेट पुढे ढकलत राहिलं तर नेमकं काय बिघडतं?

शब्दपारखी | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी.

मी मुद्रितशोधन करते. एका पुस्तकावर काम चालू असलं की ब्राउझरमध्ये चाळीस-पन्नास टॅब उघडे असतात. कोश, जुने संदर्भ, लेखकाशी झालेला पत्रव्यवहार, एखाद्या नावाचं लेखन पडताळायला उघडलेली पानं. पुस्तक हातावेगळं होईपर्यंत हा पसारा मी मोडत नाही. लॅपटॉपही बंद करत नाही, नुसतं झाकण मिटते. त्यामुळे ब्राउझर तीन-तीन आठवडे सलग चालू असतो.

वरच्या कोपऱ्यात अपडेटची खूण येते. आधी हिरवी होती, मग नारिंगी झाली, आता कितीतरी दिवस लाल आहे. काल भाची शेजारी बसली होती, तिने विचारलं, "मावशी, हे लाल का ठेवलंयस?" मला उत्तर देता येईना. वेळ नाही म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. टॅब जातील ही भीती आहे, आणि अपडेटने माझं काय भलं होतं हे मला कुणी कधी नीट सांगितलेलं नाही.

म्हणून इथे विचारते. ब्राउझर आहे तसा छान चालतोय. तो जुना राहिला तर नेमकं काय होतं? "सुरक्षेसाठी" एवढ्या एका शब्दावर माझं समाधान होत नाही. आणि करायचंच झालं तर हा पसारा न मोडता कसं करायचं?


खटपट्या | सोमवार, रात्री ९.५५

आधी अपडेट करा, मग चर्चा वाचा. क्रोम असेल तर हिरवी खूण म्हणजे अपडेट येऊन दोन दिवस व्हायचेत, नारिंगी म्हणजे चारेक दिवस झाले, लाल म्हणजे आठवडा उलटला. फाइल तुमच्या संगणकावर कधीच उतरलेली आहे. ब्राउझर बंद होऊन पुन्हा उघडण्यासाठी ती अडून बसलीय.


जुनाखेळाडू | सोमवार, रात्री १०.१२

मी वेगळं सांगतो. मी अपडेट मुद्दाम बंद ठेवली आहेत.

कारण सांगतो. लेख जसाच्या तसा साठवून ठेवायचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, मी सात वर्षं वापरलं. एका अपडेटनंतर ते बंद पडलं. "हे आता चालणार नाही" एवढी एक ओळ, बस. त्याच्या आधीच्या अपडेटने बुकमार्कांची जागा बदलली होती. माझं वय चौसष्ट आहे, बोटांना सवय झालेली असते. न विचारता कुणी घरातलं सामान इकडचं तिकडे केलं तर आपण चालवून घेऊ का?

पाचच साइट बघतो, पाचही नावाजलेल्या. अँटिव्हायरस आहे. अनोळखी लिंक दाबत नाही. आजवर काही झालेलं नाही.


बिनधास्त_बंड्या | सोमवार, रात्री १०.१५

काका, बुकमार्कांच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने. बाकीचं ऐकायला बसलोय.


निळीशाई | सोमवार, रात्री १०.३१

माझा अनुभव. गेल्या वर्षी एका अर्जाची शेवटची तारीख होती. दुपारी भरायला बसले तर साइट उघडेचना, "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं पान येई. इंटरनेट तपासलं, राउटर बंद-चालू केला, दीड तास गेला. शेवटी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ब्राउझर कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघ." बघितलं तर चार वर्षांपूर्वीचा निघाला. त्या घरच्या संगणकाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. अपडेट केलं, ब्राउझर पुन्हा उघडला, साइट उघडली. दारं बंद व्हायला पाऊण तास राहिला होता.

तेव्हापासून मला ही भीती जास्त वाटते. चोर येईल तेव्हा येईल, पण ऐन वेळी आपल्याच कामाचं दार उघडलं नाही तर काय करायचं?


तारायंत्र | सोमवार, रात्री ११.२०

निळीशाई, तुमच्याबाबतीत नेमकं काय झालं ते पान बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण असं होण्याची दोन कारणं नेहमीची आहेत. पहिलं, ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कूटबद्ध करायची पद्धत बदलत जाते. टीएलएस १.० आणि १.१ हे जुने प्रकार मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये निकालात काढले आणि साइटही हळूहळू नव्याच प्रकाराला उत्तर देऊ लागल्या. दुसरं, "ही साइट खरी आहे" हे ज्या मूळ प्रमाणपत्रांवरून ठरतं त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक बरंच वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट जुन्या यंत्रांवर एका दिवसात परक्या झाल्या. साइट तीच होती, यंत्रही तेच होतं. ओळख पटवणारी यादी तेवढी शिळी झाली होती.

आता जुनाखेळाडूंचा मुद्दा. तुमचा राग योग्य आहे, त्याकडे नंतर येतो. "पाचच साइट बघतो" हे आधी घेतो, कारण ते बहुतेकांच्या मनात असतं.

पान एक दिसत असलं तरी ब्राउझर माल दहा ठिकाणांहून आणतो. मजकूर एका सर्व्हरवरून, चित्रं दुसऱ्या, फॉन्ट तिसऱ्या, जाहिराती भलतीकडून. जाहिरातीच्या चौकटीत या क्षणी काय येणार हे पुष्कळदा साइटच्या मालकालाही ठाऊक नसतं. ब्राउझरचं कामच असं आहे की अनोळखी माणसाने लिहिलेला कोड तुमच्या यंत्रावर चालवायचा, पण कुंपणाच्या आत. अपडेट म्हणजे मुख्यतः त्या कुंपणाची डागडुजी.

एक खरी घटना सांगतो. वेबपी नावाचा चित्रांचा प्रकार आहे, तो उलगडणारी लिबवेबपी नावाची छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. विशिष्ट तऱ्हेने बनवलेलं चित्र समोर आलं की ती ठरलेल्या जागेच्या बाहेर मेमरीत लिहायची. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरोंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबर २०२३ ला हे कळवलं. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला फायरफॉक्सची. या चुकीचा गैरवापर आधीच चालू आहे, हे गूगलने दुरुस्तीच्या सूचनेतच लिहिलं होतं. इथे "अनोळखी लिंक दाबू नका" या सल्ल्याचा उपयोग नाही, कारण चित्र दिसायला काही दाबावंच लागत नाही. अँटिव्हायरसचा भर डिस्कवर उतरणाऱ्या फाइलींवर असतो. हे सगळं ब्राउझरच्या पोटात, मेमरीत घडतं, तिथे तो वेळेवर पोहोचेलच असं नाही.


शब्दपारखी | सोमवार, रात्री ११.४६

तारायंत्र, मनापासून आभार. एक गोष्ट अजून डोक्यात बसत नाहीये. ती चूक तर आधीपासूनच होती ना? म्हणजे ऑगस्टमध्येही माझा ब्राउझर तितकाच कच्चा होता. मग सप्टेंबरच्या बारा तारखेनंतर मी अपडेट केलं नाही तर माझा धोका वाढतो, की होता तेवढाच राहतो?


तारायंत्र | मंगळवार, सकाळी ७.०८

वाढतो. आणि सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो. पुस्तक छापून झालं आणि पान १३७ वर घोडचूक आहे. हजार वाचकांनी वाचलं तरी बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते. मग प्रकाशक शुद्धिपत्र काढतो, "पान १३७, ओळ ९, अमुकऐवजी तमुक वाचावे." त्या क्षणापासून चूक कुठे आहे हे सगळ्यांना कळतं, ज्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं त्यांनाही.

ब्राउझरची दुरुस्ती हे असं शुद्धिपत्र असतं. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ज्यावर उभे आहेत ते क्रोमियम आणि इकडे फायरफॉक्स, दोन्हींचा कोड उघडा आहे. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की कुठली ओळ बदलली ते दिसतं आणि त्यावरून आधी काय चुकलं होतं ते शोधता येतं. दुरुस्ती येईपर्यंत चूक थोड्यांना माहीत असते. दुरुस्ती आल्यावर ज्याला कोड वाचता येतो त्या कुणालाही ती कळू शकते. तेव्हा अपडेट न केलेला ब्राउझर म्हणजे शुद्धिपत्र निघाल्यानंतरची जुनी आवृत्ती.

हे क्रोमवाल्यांनाही टोचत होतं. दुरुस्ती कोडमध्ये पडते पण लोकांपर्यंत पोहोचत नाही, या मधल्या काळाला ते पॅच गॅप म्हणतात. क्रोम ७७ च्या आधी तो सरासरी ३५ दिवसांचा होता. पंधरवड्याने दुरुस्त्या सोडायला लागल्यावर साधारण १५ दिवसांवर आला. ऑगस्ट २०२३ पासून त्यांनी सुरक्षा दुरुस्त्या आठवड्याला सोडायला सुरुवात केली, तीही हा काळ अजून आखडावा म्हणून. शब्दपारखी, त्यांनी इतका आटापिटा करून वाचवलेले दिवस तुमचं "नंतर" परत खर्ची घालतं. शेवटचा टप्पा आपल्याच हातात असतो म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.


शब्दपारखी | मंगळवार, सकाळी ७.३०

राग कसला. शुद्धिपत्राचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. लाल खुणेचा अर्थ आज पहिल्यांदा कळला.


सांजवात | मंगळवार, सकाळी ९.१५

छान धागा. मी वेबसाइट बांधते, तर थोडा इतिहास.

आज आपण "सारखी अपडेट" म्हणून वैतागतो, पण अपडेट न येण्याचा काळही होऊन गेलाय. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि ७ आला ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर नव्या आवृत्तीविना होता. तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्त्या यायच्या, पण पाया तोच. ७ आल्यावरही लाखो यंत्रं ६ वरच राहिली, कारण कार्यालयांच्या आतल्या यंत्रणा त्याच्यासाठी बांधलेल्या होत्या. साइट बांधणाऱ्यांना एकच पान दोनदा लिहावं लागे, एकदा इतरांसाठी आणि एकदा आयई ६ साठी.

त्याची किंमत जानेवारी २०१० मध्ये दिसली. गूगलने जाहीर केलं की तिच्यावर आणि इतर काही कंपन्यांवर हल्ला झाला. त्यात इंटरनेट एक्सप्लोररमधली तोवर दुरुस्त न झालेली चूक वापरली होती. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी लोकांना तेवढ्यापुरता दुसरा ब्राउझर वापरायला सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारीला, नेहमीच्या तारखेची वाट न बघता, दुरुस्ती सोडली. पुढे २०११ मध्ये आयई ६ चा वापर संपावा म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतःच मोहीम चालवली.

२००८ मध्ये क्रोम आला तो सुरुवातीपासून मागच्या मागे स्वतःला अपडेट करणारा. फायरफॉक्सनेही २०११ पासून मोठ्या आवृत्त्या दर सहा आठवड्यांनी काढायला सुरुवात केली. नवी सोय आली की ती काही महिन्यांत बहुतेकांच्या यंत्रावर असते, हे माझ्यासारखीला किती मोठं वरदान आहे ते शब्दांत सांगता येत नाही.


बिनधास्त_बंड्या | मंगळवार, सकाळी ९.२८

आवृत्त्या झपाझप वाढल्याची एक गंमत. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही शंभरीला टेकले. काही साइट आवृत्तीचे दोनच आकडे वाचायच्या. म्हणजे १०० चा ब्राउझर आला की त्यांना वाटणार १० चा आला, फार जुना, बाहेर काढा! दोन्हीकडच्या लोकांनी आधी महिनोन्महिने साइटवाल्यांना चाचणी करायला सांगितलं. गडबड झालीच तर ब्राउझरने स्वतःला ९९ च म्हणवून घ्यायचं, अशीही तयारी ठेवली होती. नव्वदीत अडकलेला फलंदाज मी पाहिला होता, ब्राउझर पहिल्यांदा ऐकला.


मुक्तछंद | मंगळवार, सकाळी १०.०२

बंड्या :)

कुणीतरी डेटाचा मुद्दा काढेल म्हणून आधीच सांगतो, मलाही तीच काळजी होती. दर वेळी अख्खा ब्राउझर उतरत नाही. जुन्या-नव्यातला फरक तेवढा पाठवला जातो. २००९ मध्ये क्रोमच्या लोकांनी यासाठी कूर्जेट नावाची पद्धत काढली, तेव्हाचं त्यांनी दिलेलं एक उदाहरण भन्नाट आहे. पूर्ण अपडेट एक कोटी तीन लाख बाइटच्या वर होतं, फरक काढायच्या प्रचलित पद्धतीने ते सात लाखांवर आलं, आणि कूर्जेटने एकोणऐंशी हजारांच्या आत. मात्र फार मागे राहिलात तर पूर्णच उतरवावं लागतं. ज्याला डेटा वाचवायचाय त्याने उलट वेळच्या वेळी करावं.


जुनाखेळाडू | मंगळवार, दुपारी १२.४०

सगळं नीट वाचलं. जाहिरातीचा आणि शुद्धिपत्राचा मुद्दा मान्य. पाच साइटची माझी तटबंदी मला वाटत होती तेवढी भक्कम नाही.

पण तारायंत्र, माझ्या रागाकडे "नंतर येतो" म्हणालात. मी वाट बघतोय. कुंपणाची डागडुजी हवी, पण त्यासोबत घरातलं सामान का हलवता? दोन्ही वेगळं मागायची सोय नाही का?


तारायंत्र | मंगळवार, दुपारी १.५५

आहे, आणि तुमच्यासारख्यांसाठीच आहे. फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती, २०१२ पासून मिळते. तिच्यात वर्षभर रूप आणि सोयी साधारण तशाच राहतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र इतरांबरोबरच येत राहतात. सामान वर्षातून एकदाच हलतं. क्रोमचीही कार्यालयांसाठी आठ आठवड्यांच्या चक्राची आवृत्ती आहे, पण घरच्या माणसाला ईएसआर सोपी.

तुमचं एक्स्टेन्शन गेलं त्याबद्दल खरंच वाईट वाटतं. एक्स्टेन्शनांचे नियम बदलतात तेव्हा जे एकट्या माणसाने फावल्या वेळात बांधलेलं असतं ते मागे पडतं, आणि ते वापरणाऱ्याला कुणी समजावून सांगायला येत नाही. ही अपडेटची खरी उणी बाजू आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यावर सगळी दुरुस्तीच बंद करणं हा उपाय महाग पडतो.

उलट बाजूने एक सांगतो. मागे राहिल्यानेही एक्स्टेन्शन मरतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. फायरफॉक्स १२८ च्या आधीच्या, किंवा ईएसआर ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांवर त्यानंतर एक्स्टेन्शन बंद पडू शकतात, असं मोझिलाने आधीच कळवलं होतं. म्हणजे ज्यांनी एक्स्टेन्शन वाचवायला अपडेट टाळलं त्यांच्यावरच ते येऊ शकत होतं.


सांजवात | मंगळवार, दुपारी २.२०

जुनाखेळाडू काका, लेख साठवायलाच हवं असेल तर एक्स्टेन्शनशिवाय होतं. प्रिंटवर जाऊन प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून सेव्ह" निवडा. फायरफॉक्समध्ये त्याआधी पत्त्याच्या पट्टीतलं वाचनदृश्याचं चिन्ह दाबलंत तर जाहिराती गळून नुसता लेख उरतो.


पानगळ | मंगळवार, दुपारी ३.०५

माझी अडचण निराळी. करायची इच्छा आहे, पण होत नाही. वडिलांच्या संगणकावर विंडोज ७ आहे. ब्राउझर सांगतो, यापुढे अपडेट मिळणार नाहीत. वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांना नवं यंत्र नको, जुन्याचीच सवय आहे. काय करू?


खटपट्या | मंगळवार, दुपारी ३.४०

पानगळ, विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सने या जुन्या प्रणालींसाठी ईएसआर ११५ चालू ठेवली आणि तिची मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवली. ती अजून चालू आहे का हे मोझिलाच्या पानावर आज बघून घ्या. पण कायमची ती नाहीच.

आणि खाली विंडोजच दुरुस्त होत नसेल तर वरचा ब्राउझर नवा असून अर्धंच काम होतं. यंत्र धडधाकट असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका, तिचा हलका प्रकार. त्यावर ताजा फायरफॉक्स चालतो आणि वडिलांना जी दोन-चार चिन्हं लागतात ती पडद्यावर त्याच जागी मांडून देता येतात. तोवर त्या यंत्रावर बँक नाही, पासवर्ड नाही. बातम्या आणि गाणी ठीक.


पानगळ | मंगळवार, दुपारी ३.५२

चिन्हं त्याच जागी मांडायची कल्पना आवडली. रविवारी बसते.


कोरा_कागद | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, म्हणून कळकळीने लिहितो.

माझ्या सासऱ्यांना मी सतत सांगायचो, "बाबा, अपडेट करत जा." त्यांनी ऐकलं. एका पाककृतींच्या साइटवर पानभर चौकट आली: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबून अपडेट करा. त्यावर ब्राउझरचं खरं चिन्ह, खरे रंग. त्यांनी आज्ञाधारकपणे दाबलं, उतरलेली फाइल चालवली. यंत्र पुसून पुन्हा उभं करावं लागलं, सगळे पासवर्ड बदलावे लागले. नातवाचे काही फोटो परत मिळाले नाहीत. मला बोलताना ते म्हणाले, "तूच सांगितलं होतंस ना?" ते वाक्य अजून टोचतं. मी "अपडेट कर" सांगितलं होतं, कुठून करायचं ते सांगितलंच नव्हतं.

तेव्हा घरच्यांना सांगताना दोन्ही सांगा. खरं अपडेट कधीच पानाच्या आत येत नाही. ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूत असतं, फोनवर ॲपच्या दुकानात असतं. पानावर चौकट आली की टॅब बंद करायचा आणि मेन्यूत जाऊन बघायचं. खरंच काही असेल तर तिथे दिसेल. साइट नावाजलेली आहे म्हणून चौकट खरी, असंही नाही. चांगल्या साइटमध्ये घुसून अशा चौकटी लावतात.


तारायंत्र | मंगळवार, संध्याकाळी ६.४८

कोरा_कागद, हे धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं. मीही इतकं लिहिलं आणि हे सुटलं.


निळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

आत्ताच आईला फोन करून सांगितलं. "पानात आलं तर खोटं, मेन्यूत आलं तर खरं." तिने कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवलं.


शब्दपारखी | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

मी आज रात्री करणार आहे. पण पसारा? कुणी हात धरून सांगाल का?


खटपट्या | मंगळवार, रात्री ८.०५

सांगतो. आधी जिथे अर्धवट टाइप केलेलं आहे ते वाचवा. अर्धा भरलेला अर्ज, न पाठवलेलं उत्तर, टिपणाची चौकट. टॅब परत येतात, पण त्यात टाइप केलेला मजकूर परत येईलच असं नाही, तो कुठेतरी चिकटवून ठेवा. गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकी उघडी असेल तर ती परत येत नाही, तिच्यातलं जे हवं ते टिपून घ्या.

मग कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा. उघडे असलेले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. फोल्डरला आजची तारीख द्या. खिडक्या दोन असतील तर दोन्हींत वेगवेगळं करा. काही बिनसलंच तरी पसारा तुमच्या मुठीत राहतो.

आता क्रोममध्ये तीन टिंबं, मदत, "क्रोमविषयी". हे पान उघडताच तो स्वतः शोध घेतो आणि उरलेलं उतरवतो. खाली "पुन्हा लाँच करा" येईल ते दाबा. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, मदत, "फायरफॉक्सविषयी", तसंच. एजमध्येही मदतीखालीच आहे. मॅकवरची सफारी सिस्टीमच्या अपडेटबरोबर येते. लिनक्सवर बहुधा पॅकेज व्यवस्थापकातून, तिथे "विषयी" पानावर बटण नसलं तर गोंधळू नका.

उघडल्यावर पुन्हा त्याच पानावर जाऊन "अद्ययावत आहे" असं वाचा. हे मी दर वेळी करतो. बटण दाबलं म्हणजे झालं, असं धरून चालत नाही.


जुनाखेळाडू | मंगळवार, रात्री ८.४०

कंट्रोल-शिफ्ट-डी मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकेक टॅब साठवत आलो.


पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९.०२

आयफोनवाल्यांसाठी. तिथे ॲप स्टोअरमधून क्रोम किंवा फायरफॉक्स अपडेट केला म्हणजे काम झालं असं समजू नका. आयफोनवरचे ब्राउझर आतून ॲपलचंच वेबकिट, म्हणजे पान उभं करणारं इंजिन, वापरतात, नाव आणि रूप वेगळं. युरोपीय संघात २०२४ पासून नियम सैल झालेत, पण बहुतेकांच्या फोनमध्ये स्थिती तीच. वेबकिटची दुरुस्ती फोनच्या सिस्टीम अपडेटमधून येते. सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. मी दोन वर्षं फक्त ॲप अपडेट करून निश्चिंत होतो.


शब्दपारखी | मंगळवार, रात्री ११.१५

झालं!

सत्तेचाळीस टॅब होते, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस परत आले. क्रमही तोच. मजकूर खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी काढून ठेवला होता आणि ते बरंच झालं, कारण एका प्रश्नावलीत लेखकासाठी लिहिलेल्या अकरा शंका परत आल्यावर कोऱ्या होत्या. त्या गेल्या असत्या तर दोन दिवसांचं काम गेलं असतं. वेळ किती लागला? टॅब साठवण्यापासून "अद्ययावत आहे" वाचेपर्यंत सहा मिनिटं. ज्या सहा मिनिटांसाठी मी आठवडे घालवले.

यापुढे शुक्रवारी संध्याकाळी काम संपवलं की फोल्डर करून ब्राउझर बंद करायचा, असं ठरवलंय. भाचीला पडद्याचा फोटो पाठवला.

एक शेवटचं. आईकडे अँड्रॉइड फोन आहे. ती ब्राउझर उघडतच नाही. बातम्यांच्या ॲपमध्ये नाहीतर निरोपात आलेल्या लिंकवर बोट ठेवते, पान तिथल्या तिथे उघडतं. मग तिच्या फोनवर ब्राउझर अपडेट करण्याला काही अर्थ आहे का?


तारायंत्र | बुधवार, सकाळी ६.५०

आहे, आणि प्रश्न फार नेमका आहे. ॲपच्या आत जे पान उघडतं ते बऱ्याचदा अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू नावाचा घटक उघडतो. तोही क्रोमियमच, फक्त त्याचं चिन्ह कुठे दिसत नाही. अँड्रॉइड ५ पासून तो प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, ॲप व डिव्हाइस व्यवस्थापित करा, तिथे बाकी अपडेटांची यादी असते. त्यात क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही बघा. दोन्हींना आपोआप अपडेट लावून ठेवा. फोन रात्री चार्जिंगला आणि वायफायवर राहू दिला की बहुतेक वेळा आपोआप होतं.

आईंच्या फोनमध्ये जागा संपत आली असेल तर मात्र अपडेट गुपचूप अडतात. आधी ती बघा.


शब्दपारखी | बुधवार, सकाळी १०.३३

जागाच संपली होती. शुभ सकाळच्या चित्रांनी. दोन हजारांवर चित्रं पुसली, मग क्रोम, वेबव्ह्यू आणि आणखी एकोणीस ॲप एकामागून एक अपडेट झाली. वेबव्ह्यू गेल्या वर्षीचा होता.


जुनाखेळाडू | बुधवार, दुपारी ४.१८

ईएसआर टाकली. बुकमार्क आले. पट्टी वर होती तिथेच ठेवता आली. वाचनदृश्यातून तीन लेख पीडीएफ करून बघितले, अक्षरं स्वच्छ आली, जाहिराती नाहीत. सांजवात, माझ्या जुन्या साधनापेक्षा हे नीट दिसतं.

जुन्या ब्राउझरची आवृत्ती काढायच्या आधी बघितली. ती इथे लिहीत नाही, खटपट्या रागावतील.


खटपट्या | बुधवार, दुपारी ४.२५

नाही रागावत काका. पण जुना ब्राउझर संगणकावरून काढून टाकलात ना? नुसता बाजूला ठेवलेला असेल तर एखादी लिंक अजून त्याच्यातच उघडेल. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर कुठला आहे तेवढं बघा.


जुनाखेळाडू | बुधवार, दुपारी ४.५१

बघितलं. जुनाच होता. आता बदलला आणि जुना काढला.